मोजून मिळणारे इंटरनेट आणि वाडीची सामाईक जोडणी : हिशेबापासून उभारणीपर्यंत

घरगुती इंटरनेटच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि महिन्याच्या वापराची मर्यादा अटींच्या पानावर बारीक अक्षरांत असते. भारतात २०२० नंतर मोठ्या कंपन्यांच्या फायबर योजनांत ही मर्यादा महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास स्थिरावली. फायबर न ओढता फाइव्ह-जीच्या लहरींवर, छतावरच्या डब्यातून मिळणाऱ्या ‘एअरफायबर’ प्रकारच्या योजनांत ती साधारण १,००० जीबी असते. मर्यादा संपली की वेग पडतो आणि पुढच्या तारखेपर्यंत घर कसेबसे चालते. मोबाइलच्या रिचार्जवर सगळे घर चालवणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण रोजचा न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो आणि एखाद्या दिवशी कमी पडला तर एकेका जीबीचे वेगळे पैसे भरावे लागतात.

पुढचे मार्गदर्शन अशाच वाड्या, पाडे आणि गावाबाहेरच्या वसाहतींसाठी आहे, जिथे एखादाच पर्याय उपलब्ध आहे आणि तोही मोजून मिळतो. शहरात जिथे तीन-तीन कंपन्यांच्या तारा जिन्यात लोंबकळत आहेत तिथे सामाईक जोडणीच्या, म्हणजे अनेक घरांनी मिळून एकच तार घेण्याच्या, खटाटोपात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे दर खाली ठेवण्याचे काम स्पर्धा करते.

कंपनी मोजते एक, तिला खर्च येतो दुसऱ्याचाच

वीज किंवा गॅस जेवढा वापरला तेवढा संपतो, त्यामुळे त्याला मीटर असणे रास्त आहे. इंटरनेटच्या तारेतून जीबी गेला म्हणून तार झिजत नाही. कंपनीचा मोठा खर्च तार ओढण्याचा, यंत्रे बसवण्याचा आणि गर्दीच्या वेळी सर्वांना पुरेल एवढी क्षमता राखण्याचा असतो. रात्री ९ ते ११ या वेळात सगळी वस्ती एकदम व्हिडिओ पाहू लागते तेव्हा किती क्षमता लागते, यावर तो खर्च ठरतो. पहाटे ४ वाजता कोणी शंभर जीबी उतरवून घेतले तरी त्यात जवळपास काहीच भर पडत नाही. कंपन्यांनाही हे चांगले ठाऊक आहे. २००५ साली बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा आली तेव्हा घरगुती योजनांतला डेटा अगदी तुटपुंजा असे, पण पुढे पहाटे २ ते सकाळी ८ हा काळ न मोजता मोकळा सोडण्यात आला आणि गजर लावून डाउनलोड करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

मर्यादेचा अर्थ नीट कळण्यासाठी एक आकडेमोड करावी. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट) जोडणी अखंड चालली तर दिवसाला १,०८० जीबी आणि ३० दिवसांत ३२,४०० जीबी वाहून नेऊ शकते. ३,३०० जीबीची मर्यादा म्हणजे त्या क्षमतेचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि १,००० जीबीची मर्यादा पूर्ण वेगाने एका दिवसाच्या आत संपणारी. एका घराला इतका डेटा लागत नाही, हे खरेच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की एका घराने घेतलेली क्षमता बहुतेक वेळ रिकामी पडून असते, आणि अनेक घरांनी मिळून एकच तार घेण्याचा सगळा फायदा या रिकामेपणात आहे.

आधी आपला वापर मोजावा

बैठक बोलावण्यापूर्वी प्रत्येक इच्छुक घराने किमान एक पूर्ण महिना वापराची नोंद ठेवावी. कंपनीच्या ॲपवर महिन्याचा एकूण आकडा मिळतो आणि राउटरच्या पानावर बहुधा उपकरणागणिक विभागणीही दिसते. मोबाइलवर सेटिंग्जमध्ये डेटा वापराचे पान असते. तिथे मोजणीची तारीख रिचार्जच्या तारखेशी जुळवून घ्यावी, नाहीतर दोन महिन्यांची सरमिसळ होते.

आकडे पाहताना काही अंदाज हाताशी असावेत. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर पाहिला तर तासाला २ ते ३ जीबी जातात. रोज तीन तास पाहणाऱ्या घराचे त्यातच महिन्याला दोनशे-अडीचशे जीबी होतात. व्हॉट्सॲप, बँकेची कामे, सातबारा काढणे किंवा अर्ज भरणे यांचा वाटा नगण्य असतो. सर्वांच्या नजरेतून सुटतो तो सीसीटीव्ही कॅमेरा. अवघ्या १ एमबीपीएसने चित्रण सतत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला १०.८ जीबी, म्हणजे महिन्याला ३२४ जीबी खातो. गोठ्यावर एक आणि अंगणात एक असे दोन कॅमेरे लावलेले घर स्वतःला ‘फारसे नेट न वापरणारे’ समजत असते, आणि मर्यादा कुठे जाते याचा शोध मुलांच्या मोबाइलमध्ये घेत बसते. चित्रण घरातल्याच रेकॉर्डरवर साठवले तर हा सगळा वापर शून्यावर येतो.

यानंतर खरा दर काढावा. समजा योजना ५९९ रुपयांची आहे. १८ टक्के जीएसटी धरून ती सुमारे ७०७ रुपयांना पडते. महिन्याचा वापर १८० जीबी असेल तर एका जीबीला ३ रुपये ९३ पैसे पडले. याच घरातल्या तिघांनी वेगवेगळे मोबाइल रिचार्ज केवळ डेटासाठी मोठे घेतले असतील, तर साध्या कॉलच्या रिचार्जपेक्षा त्यांना जास्त मोजावी लागलेली रक्कमही याच हिशेबात मिळवावी, कारण सामाईक जोडणी आल्यावर वाचणार आहे ती हीच रक्कम. हा आकडा प्रत्येक घराने स्वतः काढलेला असावा. दुसऱ्याने काढून दिलेल्या बचतीवर वर्गणी देणारे लोक दोन महिन्यांत गळतात.

किती घरे, किती वेगाची तार

समजा वाडीत २० घरे तयार आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला २५० जीबी आहे. एकूण ५,००० जीबी झाले. महिनाभरात समान पसरले तर हा प्रवाह सरासरी साडेपंधरा एमबीपीएसपेक्षाही कमी भरतो. अर्थात तो समान पसरत नाही. रात्रीच्या गर्दीत पंधरा घरांनी एकाच वेळी प्रत्येकी ५ एमबीपीएसचा व्हिडिओ लावला तर ७५ एमबीपीएस लागतील. म्हणजे १०० एमबीपीएसची एक तार वीस घरांना पुरते आणि वर थोडे शिल्लकही राहते.

पण याच आकड्यात एक अडचण दडलेली आहे. ५,००० जीबी हा वापर ३,३०० जीबीच्या मर्यादेत बसत नाही. वेग पुरतो आणि मोजून मिळालेला डेटा पुरत नाही, त्यामुळे विसाव्या तारखेच्या आसपास अख्खी वाडी एकदम मंदावेल. सामाईक जोडणीसाठी कोटेशन मागताना म्हणूनच पहिला प्रश्न वेगाचा विचारू नये. महिन्याची वापर मर्यादा आहे का, असल्यास किती, आणि ती संपल्यावर वेग किती उरतो, हे तिन्ही लेखी घ्यावे. जिच्यात वापर मोजला जात नाही अशी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली भाड्याची तार, घरगुती योजनेच्या कितीतरी पट महाग असते, पण ती वीस ठिकाणी विभागली जाते, हे विसरू नये.

कायद्याची वाट

घरगुती योजना एकाच्या नावावर घ्यायची आणि शेजाऱ्यांना वायफायचा पासवर्ड विकायचा, हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग सोडून द्यावा. तो योजनेच्या अटींत बसत नाही आणि परवान्याशिवाय इंटरनेट सेवा विकणे हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्या जोडणीवरून कोणी ऑनलाइन फसवणूक केली तर पोलीस पहिल्यांदा जोडणीधारकाच्या दारात येतात.

नियमात बसणाऱ्या वाटा तीन आहेत. पहिली आणि बहुतेक वाड्यांना पुरणारी वाट म्हणजे तालुक्यातल्या परवानाधारक इंटरनेट सेवादाराशी गटाने करार करणे: तार आणि परवाना त्याचा, वस्तीतले जाळे व वसुली गटाची, आणि प्रत्येक घर त्याचा नोंदणीकृत ग्राहक. ज्याला आपण केबलवाला म्हणतो तो बहुधा अशाच एखाद्या सेवादाराचा भागीदार असतो आणि फायबर जोडण्याचे स्प्लायसिंग यंत्रही त्याच्याकडे असते, त्यामुळे बोलणी त्याच्यापासूनच सुरू करावीत.

दुसरी वाट ‘पीएम-वाणी’ची. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या या रचनेत किराणा दुकान, वाचनालय किंवा दूध संस्था ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊन सार्वजनिक वायफाय देऊ शकते आणि त्यासाठी तिला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. ग्राहकाची ओळख पटवणे आणि हिशेब ठेवणे हे काम दूरसंचार विभागाकडे नोंदलेला ‘ॲग्रीगेटर’ करतो. सुरुवातीची काही वर्षे या रचनेचे घोडे महागड्या लीज्ड लाइनपाशी अडले होते. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवून दिले की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना अशा डेटा ऑफिसला घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने द्याव्या लागतील. ॲग्रीगेटर निवडताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे: पाच-दहा रुपयांची, थोड्या जीबींची कुपने विकण्यावरच त्याचा भर असेल तर आपण एका मीटरमधून सुटून दुसऱ्यात अडकतो. सभासदांसाठी महिन्याचा न मोजलेला पास देतो का, हे आधीच विचारावे.

तिसरी वाट स्वतः परवाना घेण्याची. ती एका वाडीच्या आवाक्यातली नाही, पण अनेक गावे एकत्र आली तर अशक्यही नाही. हिमाचल प्रदेशातल्या धर्मशाळा शहराच्या डोंगरात २००५ साली वायफायच्या लहरी परवानामुक्त झाल्यानंतर उभे राहिलेले ‘एअरजलदी’चे जाळे पुढे रीतसर सेवादार झाले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरी आणि नंतर ५ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरी वापरून जोडण्या दिल्या; गावातल्या जाळ्यात पंचायतीने गुंतवणूक करावी आणि उत्पन्नातही तिचा वाटा असावा, अशी त्यांची मांडणी होती. या प्रकल्पाला २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत पहिले, सव्वा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. आपल्या जिल्ह्यात प्रस्ताव मांडताना हे उदाहरण ग्रामसभेपुढे जरूर ठेवावे.

उभारणी

ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेचे किंवा एखाद्या कंपनीचे फायबर आले असेल आणि वाडी दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर मधला टप्पा ५ गिगाहर्ट्झच्या दोन समोरासमोरच्या डिशनी पार करता येतो. या लहरी २०१८ पासून बऱ्याच मोठ्या पट्ट्यात परवानामुक्त आहेत. मात्र लहरी मोकळ्या आहेत म्हणजे इंटरनेट विकायलाही मोकळीक आहे, असे नव्हे. दोन्ही टोके एकमेकांना स्पष्ट दिसली पाहिजेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही पाहणी जानेवारीत करून भागत नाही. उन्हाळ्याआधी फांद्यांतून आरपार दिसणारी वाट पावसाळ्यात पानांनी भरते, आणि भिजलेली पाने या लहरी शोषून घेतात. पावसाची सर अशा अंतरावर फारशी आडवी येत नाही. मधले झाड येते. म्हणून डिश झाडांच्या शेंड्यांच्याही वर, वाढीला जागा ठेवून बसवावी.

वाडीत घरोघरी जाण्यासाठी शक्यतो फायबरच वापरावे. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपुढे चालत नाही आणि दोन घरांदरम्यान उघड्यावर ओढली की वीज पडल्यावर दोन्हीकडची उपकरणे एकदम जळतात. फायबरमधून वीज वाहत नाही. एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या वाटेतल्या स्प्लिटरलाही वीज लागत नाही, त्यामुळे मुख्य ठिकाणी एक यंत्र आणि प्रत्येक घरी एक छोटा डबा एवढ्यावर भागते. तारा महावितरणच्या खांबांवरून परस्पर नेऊ नयेत. परवानगी घ्यावी किंवा स्वतःचे खांब उभारावेत.

बाहेरच्या डब्याचे भोक नेहमी खालच्या बाजूला असावे आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडते. भोक सिलिकॉनने बुजवावे, नाहीतर पहिल्याच पावसात मुंग्या आत घर करतात आणि त्यांच्या मागे पाली येतात. डिशच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंग हवे, आणि मुख्य यंत्राला किमान सहा तास पुरेल एवढी बॅटरी हवी. वाडीतली वीज गेली की नेटही जाते, असा अनुभव एकदा आला की लोक मोबाइलचे मोठे रिचार्ज पुन्हा सुरू करतात आणि वर्गणी द्यायला कुरकुरतात.

वाटप कसे करावे

विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला आणि उसाला मनाई केली. इंटरनेटच्या सामाईक तारेलाही याच धाटणीचा नियम लागू पडतो. कोणी किती जीबी वापरले याचा हिशेब ठेवून पैसे आकारू नयेत, कारण आपण ज्या मीटरपासून पळालो तोच पुन्हा बसेल. पण गर्दीच्या वेळी तार भरली की प्रत्येक घराला समान वाटा मिळेल, एवढी व्यवस्था असावी.

हे काम राउटर आपोआप करू शकतो. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या राउटरच्या मुक्त प्रणालीत ‘केक’ नावाची रांग-व्यवस्था आहे. ती चालू करून एकूण वेग तारेच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठरवला की तार मोकळी असताना एकट्या घराला पूर्ण वेग मिळतो, आणि भरली की एक घर दहा उपकरणांवर डाउनलोड करत असले तरी त्याला एकाच घराचा वाटा मिळतो. त्यासाठी मुख्य राउटरला प्रत्येक घर एकाच पत्त्याने दिसले पाहिजे. प्रत्येक घराचे जाळे वेगळे ठेवावे, म्हणजे शेजारच्या टीव्हीवर चुकून आपले फोटो झळकणार नाहीत. आणि उसासारखी बंदी घालायचीच असेल तर ती दोन गोष्टींवर घालावी: रात्री ८ ते ११ मध्ये टॉरेंटवरून मोठ्या फाइलींची देवघेव, आणि चोवीस तास बाहेर चित्रण पाठवणारे कॅमेरे.

एक सर्व्हर वाडीतच ठेवल्यास फायदा आणखी वाढतो. जुन्या संगणकावर मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत आणि शाळेचे धडे ठेवता येतात, अभ्यासिकेतल्या मुलांनी स्वतः काढलेल्या नोट्स आणि प्रश्नसंच एका जागी राहतात, आणि बाहेरची तार तुटली तरी हे सगळे चालू राहते.

पैसे आणि कागद

नवी संस्था काढण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. दूध संस्था, सार्वजनिक वाचनालय किंवा बचत गट यांपैकी ज्याचे बँक खाते, पॅन आणि वार्षिक लेखापरीक्षण चालू आहे त्याच्या छत्राखाली काम सुरू करावे. समजा तार करासह ८,००० रुपये, वीज ५००, देखभाल करणाऱ्या मुलाचे मानधन २,००० आणि झीज निधी १,५०० असा महिन्याचा खर्च १२,००० रुपये आला, तर २० घरांत तो प्रत्येकी ६०० रुपये पडतो आणि १२ घरांत १,०००. किती घरांखाली उतरल्यास योजना तोट्यात जाते, तो आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहावा. झीज निधी मात्र कधीही माफ करू नये. डिश आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते आणि त्या वेळी कोणी पदरमोड करायला पुढे येत नाही. मानधनही सेवाभावावर सोडू नये. रात्री दहाला फोन उचलून खांबावर चढणाऱ्या मुलाला कंपनीच्या कॉल सेंटरपेक्षा निश्चितच जास्त किंमत आहे, आणि ती पैशातच द्यावी.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या ग्रामीण भागात २०११ साली स्थापन झालेल्या ‘बीफोरआरएन’ या लोकांच्या संस्थेने शेतकऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या श्रमांतून शेतांमधून फायबर पुरले आणि १ गिगाबिटची न मोजलेली जोडणी बरीच वर्षे महिना ३० पौंडांत दिली. जमीनमालकांनी वाट फुकट दिली, हे त्या दरामागचे मोठे कारण होते. आपल्याकडेही खांब आणि तार कोणाच्या परड्यातून जाणार याची संमती तोंडी न घेता कागदावर घ्यावी, कारण भाऊबंदकीत पहिली तुटते ती तार.

शेवटचे कलम बाहेर पडण्याचे. वाडीत जाळे चांगले चालू लागले की गिऱ्हाईक आहे हे पाहून एखादी कंपनी स्वस्त फायबर घेऊन येऊ शकते आणि निम्मी घरे तिकडे जाऊ शकतात. त्यांना अडवू नये. सभासदाने दोन महिने आधी सांगावे, अनामत रक्कम झीज वजा करून परत मिळावी, आणि घरे ठरलेल्या आकड्याखाली गेल्यास लीज्ड लाइनचा करार दंडाशिवाय सोडता यावा, या तीन अटी सेवादाराशी आणि सभासदांशी सही होण्याआधीच घालून घ्याव्यात. जाळे बंद करायची वेळ आलीच तर डिश व बॅटऱ्या शेजारच्या वाडीला घसारा वजा किमतीत विकाव्यात, फायबर खांबांवर तसेच ठेवून नव्या कंपनीकडून त्याचे भाडे मागावे, आणि झीज निधीत उरलेली रक्कम ज्या घरांनी शेवटपर्यंत वर्गणी भरली त्यांच्यात समान वाटावी.